लेबलचा ए अँड आर आणि कलाकाराचा मॅनेजर: सही करण्याआधी कोण कुणाचा ते बघा

फोंड्याच्या राजीव गांधी कलामंदिरात किंवा मडगावच्या रवींद्र भवनात कार्यक्रम संपला की कधी कधी मुंबईचा एखादा माणूस विंगेत येतो. आवाजाचं मनापासून कौतुक करतो, स्वतःच्या चाली आहेत का असं विचारतो आणि नंबर घेऊन जातो. घरी बातमी पोचते ती "पोरीला मॅनेजर मिळाला" अशी. बहुतेक वेळा तो मॅनेजर नसतो. तो रेकॉर्ड लेबलचा, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपनीचा, ए अँड आर (आर्टिस्ट्स अँड रेपर्टॉयर, कलाकार आणि गाणी निवडणारा माणूस) असतो, आणि इथे गल्लत झाली तर ती निस्तरण्यात तरुण गायकाची उमेदीची वर्षं जातात.

ओळखायची खूण एकच: त्याला पैसे कोण देतं? ए अँड आरला लेबल पगार देतं. मॅनेजरचं घर कलाकाराच्या कमाईवर चालतं, साधारण 15 ते 20 टक्क्यांवर. त्यामुळे ए अँड आर कितीही जीव लावणारा असला तरी करार करताना तो टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेला असतो. यात त्याचा खोटेपणा नाही, त्याची नोकरीच ती आहे.

नवा आवाज शोधणं हा त्या नोकरीचा छोटा भाग. खरी मेहनत त्यानंतर सुरू होते. लेबलच्या बैठकीत त्या आवाजासाठी भांडून बजेट मंजूर करून घ्यायचं, गाणी निवडायची, संगीतकार आणि अरेंजर जुळवायचे, मनासारखं झालं नाही तर मिक्स परत पाठवायचं, रिलीजची तारीख धरायची. आपल्याकडे एचएमव्हीत स्वतः भावगीतगायक असलेल्या जी. एन. जोशींनी वर्षानुवर्षं हेच केलं. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत तासाभराचा ख्याल कसा बसवायचा, कुठली बंदिश घ्यायची, हे बुजुर्ग गायकांना पटवणं सोपं नव्हतं. आज आपण ते आवाज ऐकू शकतो याचं श्रेय अशा माणसांनाही आहे, आणि त्यांचं नाव फार कमी वेळा घेतलं जातं.

आता एकच गाणं दोघांच्या कानाने ऐकू. समजा, सावईवेऱ्याच्या एका मुलाने घुमट-शामेळ या गोव्याच्या तालवाद्यांवर बांधलेलं गाणं पाठवलं. सुरुवातीची चाळीस सेकंद नुसतं वादन. ए अँड आर हेडफोन लावतो, थांबवतो, पुन्हा पहिल्यापासून ऐकतो. स्पॉटिफायवर 30 सेकंद ऐकल्याशिवाय प्ले मोजला जात नाही, हे त्याच्या डोक्यात पक्कं असतं. तो म्हणेल, "घुमट चारच आवर्तनं ठेव, मुखडा पंधराव्या सेकंदाला आण, आणि पट्टी काळी एकवरून काळी दोनला घे. तुझा वरचा षड्ज तिथे उघडतो." मॅनेजर ऐकून म्हणेल, "स्टेजवर ही चाळीस सेकंद अजिबात कापू नकोस, लोक त्यावरच उठतील. डिसेंबरच्या तारखा मी बघतो. निम्मं मानधन आधी घ्यायचं, आणि साउंडचा खर्च आयोजकाचा." दोघंही बरोबर आहेत. एक रेकॉर्डिंगचा विचार करतो, दुसरा त्या मुलाचा आणि त्याच्या पुढच्या दहा वर्षांचा.

बीटल्सचं उदाहरण यासाठी मला सगळ्यांत नेमकं वाटतं. ब्रायन एपस्टाइन त्यांचा मॅनेजर, लिव्हरपूलमध्ये रेकॉर्डचं दुकान चालवणारा. त्याने बँडला घेऊन लंडनची लेबलं पालथी घातली. 1 जानेवारी 1962 ला डेकाने ऑडिशन घेतली आणि नकार दिला. त्याच वर्षी ईएमआयच्या पार्लोफोन लेबलचा प्रमुख जॉर्ज मार्टिन याने त्यांना घेतलं. रेकॉर्डिंगला हा ड्रमर चालणार नाही, असं मार्टिनने सांगितलं. पीट बेस्टला समोर बसवून "तू आता बँडमध्ये नाहीस" हे सांगायचं मात्र एपस्टाइनच्या वाट्याला आलं. पुढे बँडच्या कमाईतला 25 टक्के वाटा एपस्टाइनचा होता, तर मार्टिन ईएमआयचा पगारी माणूस. त्याने 1965 मध्ये नोकरी सोडून स्वतःची कंपनी काढली.

लेबलच्या करारात ॲडव्हान्सचा आकडा ठळक असतो, म्हणून सगळे तोच बघतात. ते बक्षीस नव्हे. ती रक्कम, आणि बहुधा रेकॉर्डिंगचा खर्चही, तुमच्या रॉयल्टीतून आधी वळती होते. ती फिटेपर्यंत हातात काही पडत नाही. त्याहून जपून वाचावं ते "पुढच्या अल्बमचा पर्याय लेबलकडे" हे कलम. तो पर्याय लेबलचा असतो, तुमचा नाही. कार्यक्रमांच्या मानधनातही लेबल वाटा मागत असेल तर त्या बदल्यात कार्यक्रम कोण मिळवून देणार, हे लिहून घ्या. गाणं तुम्हीच लिहिलं, चाल तुमचीच असेल तर आयपीआरएसचे, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे, सभासद व्हा. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करारात लिहूनही काढून घेता येत नाही.

मॅनेजरच्या करारात मुख्य प्रश्न वेगळा: साथ सुटल्यावर टक्केवारी किती काळ द्यायची? ती मुदत आधीच ठरवा. आणि लेबलनेच नेमून दिलेला मॅनेजर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. लेबलशी वाद झाला तर तो कुणाच्या बाजूने बोलणार?

आणखी एक गोष्ट फार जणांना उशिरा कळते. ए अँड आर नोकरी बदलतो, तुमचा करार मात्र लेबलकडेच राहतो. नव्या माणसाला तुमच्या गाण्यात रस नसेल तर तयार गाणी कपाटात पडून राहतात. म्हणून "आमचा माणूस गेला तर आम्हालाही बाहेर पडता येईल" असं कलम वकिलाकरवी मागून बघावं. नवख्याला ते सहसा मिळत नाही, पण मागायला काही हरकत नाही.

गळा बेताचा पण कान पक्का, अशी मुलं गोव्यात घरोघर आहेत. भजनी सप्ताहाच्या पारांना, म्हणजे पाळीपाळीने होणाऱ्या गायनाच्या बैठकांना, कोण खरं गातंय आणि कोण नुसता वरचा सूर लावतंय, हे त्यांना पहिल्या अभंगातच कळतं. मॅनेजरचं काम ती इथे राहून सुरू करू शकतात; हॉटेलं, लग्नं, महोत्सव हाकेच्या अंतरावर आहेत. ए अँड आर व्हायचं तर मुंबई गाठावी लागते आणि सुरुवात डेमो चाळण्यापासून, गीतकार-वादकांची नावं बिनचूक भरण्यापासून होते. तिथे मुलाखतीला जाताना अजून कुणीही साइन न केलेले पाच गायक, प्रत्येकाचं एक गाणं आणि ते का निवडलं याची दोन वाक्यं तयार ठेवावीत.