आठवड्यात गेलेलं वजन चरबीचं नसतं

‘७ दिवसांत ५ किलो वजन घटवा’ अशी जाहिरात दिसली की आधी साधा हिशेब करावा. शरीरातल्या एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. बैठं काम करणारा माणूस दिवसाला साधारण २,००० कॅलरी खर्च करतो. त्याने आठवडाभर अन्नाचा कणही खाल्ला नाही, तरी तूट १४,००० कॅलरींची. म्हणजे दोन किलोसुद्धा चरबी जाणार नाही. तरीही काटा कितीतरी खाली उतरतो, आणि तो खोटं सांगत नसतो.

याचं उत्तर ग्लायकोजेनमध्ये आहे. पोळी-भातातून आलेलं ग्लुकोज लगेच लागणार नसेल, तर शरीर त्याचे हजारो रेणू जोडून फांद्या फुटलेला एक महारेणू तयार करतं; तेच ग्लायकोजेन. यकृतात असा साठा साधारण १०० ग्रॅम असतो, स्नायूंमध्ये ४०० ग्रॅम. सुटं ग्लुकोजच का साठवत नाही? पेशीत विरघळलेल्या कणांची संख्या वाढली, की परासरणामुळे पाणी आत घुसतं आणि पेशी फुगते. हजारो रेणूंचा एकच कण केला की हे टळतं. किती सुंदर युक्ती आहे ही! पण ग्लायकोजेनही कोरडं राहत नाही. त्याच्या साखळीवरचे हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) पाणी धरून ठेवतात, एका ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम. अर्ध्या किलोच्या साठ्यासोबत दीड किलो पाणी आलंच.

खाणं एकदम तोडलं की हाच साठा आधी उपसला जातो आणि त्याचं पाणी लघवीवाटे जातं. त्यातच इन्सुलिनची पातळी उतरते. इन्सुलिन मूत्रपिंडांना सोडियम राखायला लावतं. ते कमी झालं की मीठ आणि त्यामागोमाग आणखी पाणी बाहेर पडतं. मग दोन-चार दिवस नेहमीसारखं जेवलं की सगळं परत. माणूस खचतो, स्वतःलाच दोष देतो.

पोटाला बांधायच्या ‘चरबी वितळवणाऱ्या’ पट्ट्यांनी तर फक्त घाम जातो. १० किलो चरबी जळते तेव्हा त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते, उरलेल्याचं पाणी होतं. जिऱ्याचं पाणी चरबी ‘कापत’ नाही, आणि मध म्हणजे मुख्यतः साखरच.

सवयींचं गणित वेगळं आहे. दिवसाला चार कप चहा, प्रत्येकात दोनऐवजी एक चमचा साखर: रोज ८० कॅलरी कमी. सरळ गुणाकार केला तर वर्षाला ३.८ किलो, दहा वर्षांत ३८ किलो! असं होत नाही, कारण वजन उतरतं तसा शरीराचा खर्चही उतरतो. अमेरिकेतले संशोधक केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जास्त वजनाच्या सरासरी प्रौढांसाठी ठोकताळा मांडला: रोजच्या आहारातून कायमच्या २४ कॅलरी कमी केल्या तर अखेरीस एक किलो घट, त्यातली निम्मी वर्षभरात, ९५ टक्के तीन वर्षांत. चहातल्या त्या चार चमच्यांचे होतात सव्वातीन किलो, पण पहिल्या वर्षी दीड-पावणेदोनच.

एवढी हळू घट रोजच्या वजनात दिसणारच नाही. पाण्यामुळेच काटा किलोभर इकडे-तिकडे होतो. आठवड्याची सरासरी काढून महिन्यामहिन्याची तुलना करावी. आणि मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण तोडू नये. रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.