मीडिया सेंटर सॉफ्टवेअर

मीडिया सेंटर सॉफ्टवेअर : केबल किंवा डिशची जोडणी न घेता घरातल्या डिस्कवरचे आणि इंटरनेटवरचे व्हिडिओ टीव्हीच्या एकाच पडद्यावर आणणारी, रिमोटने चालणारी प्रणाली. नुसता प्लेअर वेगळा. त्याच्या हातात फाइल द्यावी लागते. मीडिया सेंटर फोल्डर स्वतः धुंडाळते, पोस्टर, कलाकार आणि वर्ष गोळा करते, अर्ध्यावर उठलेला माणूस कुठे उठला हेही लक्षात ठेवते. कोडी, प्लेक्स, एम्बी आणि जेलिफिन ही प्रचलित नावे. व्हीएलसी हा खरे तर प्लेअर, पण बोलताना त्यालाही याच पंगतीत बसवतात.

या घराण्याचा मूळपुरुष टीव्ही नव्हे, खेळाचे यंत्र आहे. मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्सवर चित्रपट पाहता यावेत म्हणून काही हौशी प्रोग्रामरांनी 2002 मध्ये एक्सबॉक्स मीडिया प्लेअर लिहिला. पुढच्याच वर्षी त्याचे एक्सबीएमसी (एक्सबॉक्स मीडिया सेंटर) झाले. मॅक संगणकासाठी फुटलेल्या फांदीतून 2008 मध्ये प्लेक्स निघाले. बॉक्सी हीदेखील त्याच झाडाची फांदी. ती 2013 मध्ये सॅमसंगने विकत घेतली. मूळ यंत्राशी संबंध कधीच सुटला होता, तेव्हा 2014 मध्ये एक्सबीएमसीने कोडी हे नाव घेतले. एम्बीने 2018 मध्ये आपला कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, इतरांसाठी बंद केला आणि नाराज मंडळींनी त्याच्या आधीच्या खुल्या कोडवरून जेलिफिन उभे केले.

केबलला पर्याय का शोधला जातो, हे पुण्याच्या उदाहरणावरून कळते. पुण्यात दूरदर्शन आले ते 1973 मध्ये, मुंबई केंद्राचे कार्यक्रम सहक्षेपित करून. गच्च्यांवरचे अँटेना सिंहगडावरच्या प्रक्षेपकाकडे तोंड करून उभे असत. नव्वदच्या दशकात त्यांची जागा केबलवाल्याच्या काळ्या वायरीने घेतली. सेट-टॉप बॉक्स सक्तीचा करण्याच्या दुसऱ्या टप्प्यातल्या 38 शहरांत पुणे होते. मुदत होती 31 मार्च 2013. पुढे 1 फेब्रुवारी 2019 रोजी शंभर वाहिन्यांसाठी महिना 130 रुपये अधिक कर, आणि पैसे आकारणाऱ्या वाहिन्या वेगळ्या, असा हिशेब आला. न पाहिलेल्या वाहिनीचे पैसे का भरायचे, हा प्रश्न सदाशिव पेठेला कोणी शिकवावा लागत नाही.

लागणारे सामान थोडे असते: जुना लॅपटॉप, हार्ड डिस्क, एचडीएमआय केबल. केबल, अडॅप्टर असल्या किरकोळ गोष्टींसाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आहेच. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक 2012 मध्ये आला आणि लिब्रेइलेकसारख्या, फक्त कोडी चालवण्यासाठी घडवलेल्या लिनक्स कार्यप्रणालीला स्वस्त घर मिळाले. त्याच्या पहिल्या मॉडेलांवर डीव्हीडीवरचा एमपीईजी-2 पद्धतीचा व्हिडिओ नीट चालवायचा तर परवाना वेगळा विकत घ्यावा लागे. वीज अचानक गेली की मेमरी कार्ड खराब होण्याचा धोका असतो, म्हणून अनेक जण हा छोटा संगणक इन्व्हर्टरवर घेतात.

प्लेक्स आणि जेलिफिन यांत सर्व्हर, म्हणजे फाइली पुरवणारा संगणक, एका खोलीत आणि पडदा दुसऱ्या खोलीत अशी विभागणी असते. पडद्याला फाइलचा प्रकार समजला तर ती जशीच्या तशी जाते. नाही समजला तर सर्व्हर जाता जाता तिचे रूपांतर करतो, आणि तिथेच जुना लॅपटॉप धापा टाकू लागतो. सेकंदाला 8 मेगाबिट वेगाचा चित्रपट तासाला 3.6 गीगाबाइट जागा खातो. पेनड्राइव्ह फॅट-32 पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर 4 गीगाबाइटपेक्षा मोठी फाइल त्यावर मावतच नाही. ‘कॉपी होत नाही’ या तक्रारीच्या मुळाशी बरेचदा एवढेच असते.

मराठी घरात या सॉफ्टवेअरची खरी कसोटी लागते ती नाटकांवर. सीडीच्या जमान्यात नाटके व्हीसीडीवर मिळत. चित्र 352 बाय 288 बिंदूंचे आणि एका तबकडीवर साधारण 74 मिनिटे, त्यामुळे एक नाटक दोन-तीन तबकड्यांत विभागलेले असे. त्यांवरच्या डॅट फाइली व्हीएलसी सरळ चालवतो. कोडीत फाइलींच्या नावाअखेर ‘सीडी1’, ‘सीडी2’ असे रोमन लिपीत लिहिले की ते तुकडे सलग एक मानले जातात आणि मध्यंतरात तबकडी बदलायला उठावे लागत नाही. इथवर ठीक. पण पोस्टर आणि कलाकारांची माहिती ही सॉफ्टवेअरे टीएमडीबीसारख्या, वापरणाऱ्यांनीच भरलेल्या कोशांतून घेतात. हे कोश चित्रपट आणि मालिकांचे. रंगभूमी हा त्यांचा मुख्य विषय नव्हे. मग नाटकाला बरेचदा पोस्टर मिळत नाही, किंवा नावसाधर्म्यामुळे भलत्याच सिनेमाचे चिकटते. त्यात ‘वाडा’ कोणी रोमन व्हीने लिहिते, कोणी डब्ल्यूने, आणि एकच नाटक यादीत दोनदा दिसते. उपाय कष्टाचा पण पक्का आहे: फाइलशेजारी त्याच नावाची एनएफओ ही छोटी मजकूर-फाइल ठेवून तिच्यात शीर्षक, वर्ष, लेखक, नट हाताने भरायचे आणि वेष्टनाचा फोटो सोबत ठेवायचा. लग्न-मुंजीच्या कॅसेटींवरून उतरवलेल्या चित्रणालाही हाच मार्ग. घरात एकाला ग्रंथपाल व्हावे लागते.

मराठी सबटायटलची फाइल यूटीएफ-8 संकेतात साठवलेली नसेल तर पडद्यावर प्रश्नचिन्हे उमटतात. फाँटात देवनागरी नसेल तर चौकोन दिसतात. जोडाक्षरे जुळवणारा भाग कच्चा असेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर जाऊन बसते. भारतीय लिप्या संगणकावर आणणारे जिस्ट तंत्रज्ञान पुण्यातल्याच सी-डॅक या संगणक-संशोधन संस्थेने वाढवले, हे लक्षात घेता ही अडचण पुण्यात जरा जास्तच खुपते.

ऑनलाइन बाजू मात्र दिसते तितकी मोकळी नाही. पैसे घेणाऱ्या सेवांचे व्हिडिओ कुलूपबंद असतात. त्या सेवांची मान्यता नसलेल्या बॉक्सवर ते चालले तरी चित्र कमी दर्जाचे मिळते, म्हणून त्या सेवांची स्वतंत्र ॲप्स वापरणेच सोयीचे. प्रसार भारतीचेही वेव्हज हे असे स्वतंत्र ॲप नोव्हेंबर 2024 मध्ये आले. कोडीतले यूट्यूबचे ॲड-ऑन (जोड-प्रोग्राम) वापरायचे तर गूगलकडून स्वतःची कळ (एपीआय की) काढावी लागते. ‘सगळे भरून दिलेला’ बॉक्स विकत मिळतो, तो बहुधा चोरीच्या व्हिडिओ-प्रवाहांचा (स्ट्रीमचा) असतो. आपण आशय पुरवत नाही, हे कोडीचे कर्ते सातत्याने सांगत आले आहेत. असे बॉक्स विकणे हा हक्कभंग असल्याचे युरोपीय न्यायालयाने एप्रिल 2017 मध्ये ठरवले. भारतात 1957 चा कॉपीराइट कायदा लागू आहे.

2022 मध्ये व्हीएलसीचे संकेतस्थळ भारतात उघडेनासे झाले आणि नोव्हेंबरात पुन्हा उघडले. मधल्या काळात, ज्यांच्या संगणकावर तो आधीच बसवलेला होता त्यांची नाटके चालूच होती.