मिडीच्या वायरीतून आवाज जात नाही

‘महागडी वायर घ्या, ड्रमचा आवाज खुलेल.’ पुण्यात इलेक्ट्रॉनिक ड्रम लॅपटॉपला जोडू पाहणाऱ्या प्रत्येकाला हा सल्ला कुठे ना कुठे मिळतोच. मला तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, मिळाला. सल्ला चुकीचा आहे.

पॅडवर काठी बसली की मॉड्यूल, म्हणजे पॅड ज्याला जोडलेले असतात तो डबा, मिडी या वाद्यांच्या डिजिटल भाषेत फक्त निरोप धाडतं: कुठला पॅड, किती जोरात. स्नेअर बहुधा ३८ नंबर, किक ३६. जोर १ ते १२७. आवाज घडतो तो लॅपटॉपमध्ये, सॉफ्टवेअरमधल्या रेकॉर्ड केलेल्या नमुन्यांतून. निरोप पोचला की झालं, वायर सोन्याची असो वा साधी.

मग काठी आपटल्यावर आवाज उशिरा का येतो? त्याचंही खापर मिडीवरच फुटतं. १९८३ सालचं जुनं तंत्र, म्हणून मंद! पण जुन्या पाच पिनांच्या वायरीतूनही एक ठोका साधारण १ मिलिसेकंदात पोचतो. खरा गुन्हेगार ऑडिओ बफर, म्हणजे लॅपटॉप आवाज बाहेर सोडण्याआधी त्याचे बारीक तुकडे (सॅम्पल) साठवतो ती जागा. ४४,१०० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला तेवढे सॅम्पल असताना, १०२४ सॅम्पलचा बफर म्हणजे २३ मिलिसेकंद. तो १२८ वर आणला की ३ च्या आत. ढोल आठ मीटरवर वाजला तरी आवाज कानाशी यायला २३ मिलिसेकंद लागतात, हे पथकातल्यांना वेगळं सांगायला नको. बफर फार उतरवला आणि लॅपटॉप दमला, तर आवाज तडतडतो. तेव्हा एक पायरी वर चढवा. विंडोजवर आसिओ (ASIO) ड्रायव्हर, म्हणजे आवाजाचा उशीर कमी ठेवणारं सॉफ्टवेअर, हवाच.

आणि ब्लूटूथ हेडफोन? ते उशीर आणखी वाढवतात, आधी काढून ठेवा.