डब्यातली अबोली, भिंतीवरची अबोली

गेल्या दिवाळीआधी आम्ही ठाण्याच्या नौपाड्यातल्या घराचं रंगकाम काढलं. हॉलची एक भिंत अबोलीच हवी, हे आईचं ठरलेलं होतं. दुकानात शेडकार्डावरचा बोटभर चौकोन पाहून तिने तो क्षणात निवडला. भिंत रंगून झाली, संध्याकाळी दिवे लागले आणि आई दारातच थबकली.

"अरे, ही कुठली अबोली? हा तर शेंदूर झाला."

"काकू, डब्यावरचा नंबर जुळवून बघा," पेंटर म्हणाला. नंबर जुळत होता. दोघंही खरं बोलत होते.

भिंतीवरचं रंगद्रव्य अंगावर पडलेल्या प्रकाशातला काही भाग शोषून घेतं आणि उरलेला परत पाठवतं. अबोली शेड निळा आणि थोडा हिरवा प्रकाश गिळते, तांबडा-नारिंगी बराचसा परत करते. म्हणजे भिंतीवर मुळात कुठला प्रकाश पडतो, यावर पुढचं सगळं अवलंबून. दुकानात पांढऱ्याशुभ्र ट्यूब होत्या, साधारण ६५०० केल्विनच्या; त्यांच्या प्रकाशात निळा भरपूर असतो. आमच्या हॉलमध्ये २७०० केल्विनचे पिवळसर दिवे. (केल्विन हे प्रकाशाची रंगछटा सांगणारं तापमानाचं माप. आकडा वाढला की प्रकाश निळसर होतो, हे अनेकांना उलटं वाटतं. लोहाराच्या भट्टीतलं लोखंड आठवा: आधी तांबडं, मग पिवळं, आणखी तापलं की पांढरं.) आधीच तांबूस असलेल्या भिंतीवर निळा कमी असलेला प्रकाश पडला, तर ती शेंदराकडे झुकणारच.

खरं तर असे बदल आपल्याला एरवी जाणवत नाहीत, कारण मेंदू दिव्याच्या रंगाचा अंदाज घेऊन तो मनातल्या मनात वजा करत असतो. म्हणून तर पिवळ्या दिव्याखालीही वहीचं पान पांढरंच दिसतं. पण ही वजाबाकी काटेकोर नसते, आणि एलईडी दिवे ती आणखी अवघड करतात. पांढऱ्या एलईडीत बहुधा एक निळी चिप असते आणि तिच्यावर पिवळसर प्रकाश देणाऱ्या फॉस्फरचा थर. अशा साध्या दिव्यात गडद तांबडा प्रकाश तोकडा पडतो. दिव्याच्या खोक्यावर 'सीआरआय' नावाचा आकडा असतो; दिवा रंग किती खरे दाखवतो याचं ते माप. मात्र हा आकडा आठ फिकट रंगनमुन्यांच्या सरासरीवरून काढतात, भडक तांबडा त्यात धरतच नाहीत. म्हणून अबोली, डाळिंबी, केशरी असे रंग आवडणाऱ्यांनी ८०चा दिवा सोडून ९०च्या वरचा घ्यावा. रंगाच्या डब्यावर हजारो रुपये घालून दिव्यात पन्नास वाचवण्यात अर्थ नाही.

तरी एवढ्याने शेंदूर होत नाही. मोठा हात होता तो आमच्या हॉलच्या आकाराचा. ठाण्यातल्या जुन्या इमारतींमधला हॉल तो केवढासा! अशा खोलीत प्रकाश एका भिंतीवरून दुसरीवर, तिथून पुन्हा पहिलीवर असा उड्या मारत राहतो. समजा भिंत तांबड्यातला ८५ टक्के प्रकाश परत करते आणि निळ्यातला ६० टक्के. पहिल्या उडीनंतर तांबड्याच्या तुलनेत निळा ७१ टक्के उरतो, दुसरीनंतर ५०, तिसरीनंतर ३५. प्रत्येक उडीला रंग गडद होत जातो. आमची समोरची भिंत मोतिया असल्यामुळे परिणाम इतका टोकाला गेला नाही, पण चारही भिंती अबोली केल्या असत्या तर हॉलचं देऊळ झालं असतं. बोटभर चौकोनात हे दिसायला जागाच नसते.

त्यात पडदे मोरपिशी. पॅरिसच्या गोबलँ या चित्रं विणलेले भिंतपडदे करणाऱ्या कारखान्यात मिशेल शेव्ह्रल हे रसायनशास्त्रज्ञ रंगखात्याचे प्रमुख होते. काळे धागे फिके दिसतात अशी तक्रार आली, तेव्हा दोष धाग्यात नसून शेजारच्या रंगांत आहे हे त्यांच्या लक्षात आलं, आणि १८३९ साली त्यांनी या विषयावर ग्रंथ लिहिला. विरुद्ध रंग शेजारी आले की एकमेकांना चढवतात. मोरपिशीने आमची अबोली चढवली.

मग फिका राखाडी का नाही लावला, असं शेजारच्यांनी विचारलं. आईचं माहेर वेंगुर्ल्याचं. विहिरीच्या कडेला अबोलीची रांग होती आणि तिची आजी रोज वळेसर, म्हणजे गजरे, करायची. अबोलीला वास नसतो, त्यामुळे आईच्या आठवणीत ते घर म्हणजे तो रंगच आहे. २०१० साली अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ स्टीफन पामर आणि कॅरन श्लॉस यांनी मांडलं, की एखादा रंग आपल्याला किती आवडतो हे त्या रंगाच्या वस्तू आपल्याला किती प्रिय आहेत यावर बरंचसं ठरतं. मला हे मनापासून पटतं. 'हा रंग शांत करतो, तो भूक वाढवतो' असल्या तक्त्यांवर मात्र माझा विश्वास नाही. १९७९ साली सिएटलच्या नौदल कोठडीला गुलाबी रंग दिल्यावर कैदी शांत झाल्याचा गाजावाजा झाला होता. पुढे काटेकोर प्रयोगांत तो परिणाम टिकला नाही. आईला राखाडी भिंतीने शांत वाटलं नसतं.

पेंटरने समजूतदारपणे चार पुठ्ठे आणले, दोन-दोन फुटांचे. प्रत्येकावर वेगळ्या शेडचे दोन हात मारले, पूर्ण वाळू दिले, कारण इमल्शन वाळल्यावर थोडं गडद होतं. मग ते पुठ्ठे पडद्याशेजारी टेकवून सकाळी आठला पाहिले, भर दुपारी पाहिले, रात्री दिवे लावून पाहिले. त्यांतून आईने निवडलेली शेड कार्डावर जवळजवळ मोतियाच दिसत होती. दुकानात तिने त्या चौकोनाकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. भिंतीवर मात्र ती हुबेहूब अबोली आहे.

पावसाळ्यात थोडी अडचण होते. खिडकीबाहेरचा आंबा धुऊन हिरवागार होतो, आकाश भरून येतं, आत येतो तो हिरवट, थंड उजेड, आणि भिंत कोमेजल्यासारखी दिसते. तेव्हा आई दुपारी चारलाच कोपऱ्यातला दिवा लावते आणि चहा घेऊन त्या भिंतीसमोर बसते.