कारखान्यातलं रिअल टाइम लोकेशन ट्रॅकिंग

कारखान्यात फिरणारा जॉब (म्हणजे काम चालू असलेला भाग), ट्रॉली, डाय, टूल, फोर्कलिफ्ट किंवा माणूस या क्षणाला नेमका कुठे आहे हे टॅग लावून सतत काढत राहायचं, आणि त्यावरून प्रोसेसवर नजर ठेवायची, पुढे जाऊन ती सुरू करायची, थांबवायची किंवा दुसरीकडे वळवायची, अशी ही पद्धत. इंग्रजीत रिअल टाइम लोकेशन सिस्टिम, लघुरूप आरटीएलएस. मराठीत 'वास्तविक वेळ स्थान प्रणाली' असं शब्दशः भाषांतर कुठे कुठे दिसतं, 'तत्क्षण स्थाननिश्चिती' त्यापेक्षा बरं वाटतं, पण पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या शॉपवर (कारखान्याच्या कामाच्या जागी) दोन्ही कोणी बोलत नाही, तिथे 'ट्रॅकिंग' किंवा 'टॅगिंग' म्हटलं की काम भागतं, म्हणून इथेही ट्रॅकिंगच म्हटलंय. जॉब कार्ड, रूट कार्ड, बारकोड ही आधीची साधनं सगळ्यांच्या रोजच्या वापरातली आहेत, त्यांच्यात शिरत नाही.

'रिअल टाइम' म्हणजे किती ताजं? याचं एक उत्तर नाही, प्रोसेसच्या वेगावर आहे. फोर्जिंग हॅमरजवळ ३० सेकंदांपूर्वीची जागा म्हणजे इतिहास झाला, आणि पेंट शॉपबाहेर वाळत पडलेल्या लॉटची ५ मिनिटांपूर्वीची जागा अजून ताजीच म्हणायची.

दुसरा घोळ व्याप्तीचा. गेटवर आरएफआयडी (रेडिओ लहरींनी टॅगचा कोड वाचून वस्तू ओळखणारा) रीडर लावला आणि ट्रॉली गेल्याची नोंद झाली, तर ते ट्रॅकिंग म्हणायचं का? विक्रेते बिनधास्त म्हणतात. पण खेड शिवापूरच्या टोल नाक्यावर फास्टॅग वाचला गेला की तुमची गाडी नाक्यावरून गेली एवढंच कळतं, पुढे ती साताऱ्याकडे चाललीय की कडेला चहाला थांबलीय हे त्या रीडरला कळायचा मार्ग नाही. शॉपमधल्या गेट रीडरचंही तेच, आणि योगायोग असा की तोही बहुतेक वेळा फास्टॅगच्याच घरातला, ८६५-८६७ मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारा बिनबॅटरीचा टॅग वाचतो. त्यामुळे याला 'चोक पॉइंट' नोंद म्हणावं आणि ट्रॅकिंग हा शब्द सलग जागा काढणाऱ्या प्रणालींसाठी ठेवावा, हे मत जास्त पटण्यासारखं आहे. प्रत्यक्षात एकाच शेडमध्ये दोन्ही एकत्र नांदतात ते वेगळं.

नाव आणि उगम

आरटीएलएस हे नाव साधारण १९९८ च्या सुमारास अमेरिकेतल्या आयडी एक्स्पो या प्रदर्शनाच्या वेळी रूढ झालं असं सहसा सांगतात, आणि त्याचं श्रेय व्हेअरनेट, पिनपॉइंट या दोन कंपन्यांच्या आणि एआयएम या उद्योगसंघटनेच्या लोकांना देतात. उद्देश सरळ होता, नुसत्या आरएफआयडीपेक्षा आमचं वेगळं आहे हे गिऱ्हाइकाला दाखवायचं. म्हणजे नाव बाजाराने दिलं. वस्तू त्याच्या आधीची आहे, आणि वाद तिथूनच सुरू होतो.

एक मत मुळं थेट दुसऱ्या महायुद्धात नेतं. ब्रिटिश हवाई दलाची 'जी' ही प्रणाली १९४२ मध्ये वापरात आली, तिच्यात जमिनीवरच्या केंद्रांकडून येणाऱ्या सिग्नलमधला वेळेचा फरक मोजून विमान आपली जागा हायपरबोलांच्या जाळ्यावर काढायचं. अमेरिकेची लोरान त्याच जातीची. आजच्या शेडमधल्या प्रणालींचं गणित तेच आहे यात शंका नाही, पण 'जी'मध्ये विमान स्वतःची जागा स्वतः काढायचं, आणि कारखान्यात बिचाऱ्या ट्रॉलीला स्वतःच्या जागेशी काही देणंघेणं नसतं, जागा तिसऱ्यालाच हवी असते. दुसरं मत आरएफआयडीकडून येतं, हॅरी स्टॉकमन यांचा परावर्तित शक्तीने संदेश पाठवण्याबद्दलचा १९४८ चा लेख आणि मारिओ कार्डुलो यांचं १९७३ चं पेटंट हे त्याचे ठरलेले टप्पे. हे ओळखीचं तंत्र झालं, जागेचं नाही.

तिसरं मत केंब्रिजमधल्या ऑलिव्हेट्टी संशोधन प्रयोगशाळेच्या 'ॲक्टिव्ह बॅज'ला पहिला मान देतं, आणि ते जास्त बरोबर बसतं. साधारण १९८९ ते १९९२ या काळातलं हे काम, सविस्तर लेख १९९२ चा, लेखक रॉय वाँट, अँडी हॉपर आणि सहकारी. कर्मचाऱ्याच्या छातीवरचा बिल्ला दर १५ सेकंदांनी इन्फ्रारेडमधून आपला कोड सोडायचा, खोलीतला सेन्सर तो पकडायचा आणि माणूस कोणत्या खोलीत आहे हे कळून त्याचा फोन तिकडे वळवला जायचा. मुद्दा फोन वळवण्यात आहे. जागा कळली आणि त्यावरून आपोआप काहीतरी घडलं. इन्फ्रारेड भिंतीतून जात नाही हा त्याचा दोष नव्हता उलट सोय होती, कारण 'कोणती खोली' हे उत्तर पक्कं मिळायचं, आणि हा धडा नंतर लोक सेंटिमीटरच्या नादात विसरले. त्याच परंपरेत पुढे अल्ट्रासाउंडवर चालणारी 'बॅट' प्रणाली आली, तिची अचूकता सुमारे ३ सेमी. वायफायच्या सिग्नलच्या जोरावरून जागा काढणारी मायक्रोसॉफ्टची 'रडार' २००० सालची, तिची चूक २-३ मीटरची.

कारखान्यासाठी मोठं वळण २००२ चं. त्या वर्षी अमेरिकेच्या एफसीसी या दळणवळण नियामकाने ३.१ ते १०.६ गिगाहर्ट्झमध्ये अतिशय कमी शक्तीच्या अल्ट्रा वाइडबँडला, म्हणजे रुंद पट्ट्यावर छोटे पल्स सोडणाऱ्या रेडिओ तंत्राला, परवानगी दिली. आयएसओ/आयईसी २४७३० ही मानकमालिका साधारण २००६ पासून, अल्ट्रा वाइडबँडसाठी आयईईई ८०२.१५.४ए हे २००७ चं आणि त्याची सुरक्षित आवृत्ती ४झेड ही २०२० ची. ब्लूटूथ ५.१ मध्ये (२०१९) सिग्नल कोणत्या दिशेने आला हे काढायची सोय आली आणि टॅग स्वस्त झाले.

जागा काढायची कशी

जीपीएस पत्र्याच्या शेडखाली चालत नाही, उपग्रहाचा सिग्नल मुळातच अगदी क्षीण आणि वर लोखंडी छप्पर. त्यामुळे शेडमध्ये आपलेच 'अँकर' म्हणजे ठरलेल्या जागी बसवलेले रिसीव्हर लावावे लागतात. मग चार वाटा आहेत, सिग्नलचा जोर मोजा, दिशा मोजा, जाण्यायेण्याचा वेळ मोजा, किंवा पोचण्याच्या वेळांमधला फरक मोजा.

जोर मोजणं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लहरी. साधा ब्लूटूथ बीकन २ ते ५ मीटरची चूक सहज करतो आणि मध्ये एखादा जाडजूड माणूस उभा राहिला की आणखी. शेडच्या कुठल्या बे मध्ये (खांबांमधल्या भागात) ट्रॉली आहे एवढंच हवं असेल तर चालून जातं.

वेळेवरच्या पद्धतींमध्ये एकच आकडा लक्षात ठेवायचा, रेडिओ लहर १ नॅनोसेकंदात सुमारे ३० सेमी जाते. फरक मोजायची पद्धत घेतली तर टॅग एकदाच हाक मारतो, पाच-सहा अँकर ती ऐकतात, आणि कोणाला किती उशिरा ऐकू आली यावरून जागा निघते. टॅगला फार काही करावं लागत नाही म्हणून बॅटरी टिकते, पण सगळ्या अँकरची घड्याळं नॅनोसेकंदाच्या आत जुळलेली पाहिजेत, १ नॅनोसेकंद चुकला की गेले ३० सेमी. (नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, तिथे ३० अँटेना आकाशातल्या एकाच स्रोताची लहर कोणाकडे किती उशिरा पोचली हे जुळवतात. काम वेगळं, गणिताचं नातं मात्र जवळचं.) जाण्यायेण्याचा वेळ मोजायचा तर घड्याळं जुळवायची कटकट नाही, टॅग आणि अँकर एकमेकांशी बोलतात. पण दोघांच्या क्रिस्टलमध्ये, म्हणजे घड्याळाच्या वेगात, २० पीपीएमचा (दहा लाखांत २०) फरक असेल आणि उत्तर द्यायला १ मिलिसेकंद लागला तर १० नॅनोसेकंदांची, म्हणजे ३ मीटरची चूक बसते. म्हणून एकाऐवजी दोन्ही बाजूंनी फेरी मारतात, त्यात ही चूक जवळपास कटून जाते. बदल्यात टॅग जास्त बोलतो आणि बॅटरी खातो.

मग लोखंड. शेडमध्ये रॅक, मशिन, क्रेनचे गर्डर सगळीकडून सिग्नल आपटून येतो आणि रिसीव्हरला सरळ आलेला कोणता, फिरून आलेला कोणता हे ओळखावं लागतं. अल्ट्रा वाइडबँडचा फायदा इथे आहे, ५०० मेगाहर्ट्झ रुंदीचा पल्स साधारण २ नॅनोसेकंदांचा असतो, त्यामुळे ६० सेमीपेक्षा जास्त वळसा घालून आलेला प्रतिध्वनी वेगळा दिसतो. मोकळ्यात १० ते ३० सेमी अचूकता मिळते. पण सरळ रस्ताच बंद झाला, म्हणजे ईओटी (छताखालून सरकणारी) क्रेन पत्र्याची कॉइल घेऊन मध्ये आली, की पहिला पोचलेला सिग्नलच फिरून आलेला असतो आणि स्क्रीनवर ट्रॉली भिंतीतून पलीकडे उडी मारते. अँकरची मांडणीही महत्त्वाची, सगळे एकाच भिंतीवर ओळीने लावले तर भिंतीला काटकोनात चूक फुगते, आणि सगळे एकाच उंचीवर लावले तर उंची धड निघत नाही, मग जॉब खाली आहे की मेझनाइनवर (मधल्या माळ्यावर) हे विचारू नका.

नजर ठेवणं आणि चालवणं

या दोन गोष्टी एक नाहीत आणि बहुतेक ब्रोशर त्या एक करून टाकतात. नजर ठेवण्यासाठी अंदाज पुरतो. समजा शॉपमध्ये तासाला २० क्रेट येतात आणि प्रत्येक क्रेट सरासरी ६ तास अडकतो, तर आत १२० क्रेट पडलेले असणार, जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम तो हाच. टॅगमुळे हे ६ तास कुठल्या मशिनपुढे जातात ते दिसतं, पीपीसीवाल्याला (उत्पादनाचं नियोजन बघणाऱ्याला) फॉलोअपसाठी शॉपभर हिंडावं लागत नाही. इथे एखादी ट्रॉली अर्धा तास चुकीच्या जागी दिसली तरी जगबुडी होत नाही.

चालवायचं म्हटलं की प्रश्न 'किती सेंटिमीटर' हा राहत नाही, 'कोणत्या झोनमध्ये, आणि किती खात्रीने' हा होतो. असेंब्ली लाइनवरचा बिनवायरचा नटरनर (नट आवळायचं टूल) हे ठरलेलं उदाहरण. लाइन सरकतेय, गाड्या एकामागे एक आहेत, टूल कोणत्या गाडीपाशी आहे यावरून कंट्रोलर त्या मॉडेलचा टॉर्क प्रोग्राम उचलतो, टूल झोनबाहेर गेलं की ते बंद. आधी ऑपरेटरला प्रत्येक गाडीचा बारकोड मारावा लागायचा आणि घाईत तो राहायचा, मग या गाडीचे नट त्या गाडीच्या नावावर. झोन इथे जमिनीला चिकटलेला नसतो, कन्व्हेयरच्या एन्कोडरबरोबर (लाइन किती सरकली ते मोजणाऱ्या सेन्सरबरोबर) सरकतो. आता ३० सेमी चूक असलेलं टूल दोन झोनच्या रेघेवर धरलं तर ते सेकंदाला चारदा या गाडीचं त्या गाडीचं होणार. म्हणून आत यायची रेघ वेगळी आणि बाहेर जायची वेगळी ठेवतात, मध्ये थोडी मोकळी पट्टी, शिवाय एक-दोन सेकंद टिकल्याशिवाय बदल मानायचा नाही, आणि कच्च्या जागा काल्मन फिल्टर या थरथर गाळणाऱ्या गणितातून (मूळ लेख १९६०) गाळून घ्यायच्या. फिल्टर जास्त लावला की जागा गुळगुळीत येते पण उशिरा येते, ही ओढाताण कायमची.

वेळेचं नियंत्रण हा दुसरा प्रकार, आणि तो जास्त कामाचा आहे असं वाटतं. हार्डनिंग करून क्वेंच झालेला (तापवून झटकन थंड केलेला) जॉब टेम्परिंगला (पुन्हा बेताने तापवायला) लवकर गेला नाही तर तडे जायची भीती असते, दोन घटकांचा मिसळलेला पेंट ठरावीक वेळात संपवावा लागतो, विमानाच्या भागांसाठीचं प्रीप्रेग (आधीच रेझिन मुरवलेलं) कापड फ्रीझरबाहेर किती तास राहिलं याचा हिशेब ठेवावा लागतो. ट्रॉली झोनमधून बाहेर पडली की घड्याळ सुरू, मुदत संपली की एमईएस (शॉपवरचं उत्पादन सांभाळणारं सॉफ्टवेअर) लॉटला होल्ड लावतं आणि पुढच्या मशिनच्या पीएलसी या कंट्रोलरमधला इंटरलॉक जॉब घेतच नाही.

कार्ब्युरायझिंगच्या भट्टीत ९०० अंशांच्या वर टॅग जाऊ शकत नाही हे उघड आहे, म्हणून टॅग जॉबला नसतो, ट्रॉलीला असतो. मग या ट्रॉलीत हा लॉट आहे ही गाठ कोणीतरी मारावी आणि सोडावी लागते. सगळ्यात जास्त घोटाळे याच गाठीत होतात, रेडिओत नाही. रिकामी ट्रॉली मागे नेऊन ठेवली, गाठ सोडायची राहिली, आणि सिस्टिम छातीठोकपणे सांगते की लॉट टेम्परिंगला पोचला. तसंच टॅग दिसत नाही म्हणजे वस्तू नाही असं होत नाही, बॅटरी संपलेली असू शकते, त्यामुळे सिग्नल नसेल तेव्हा प्रोसेस कुठल्या बाजूला पडणार, थांबणार की चालू राहणार, हे आधी ठरवून ठेवावं लागतं. फोर्कलिफ्ट माणसाजवळ आली की वेग कमी करणं वगैरे ठीक आहे पण जोड म्हणून, लाइट कर्टन (माणूस आत आला की मशिन थांबवणारा प्रकाशाचा पडदा) आणि इमर्जन्सी स्टॉप काढून त्या जागी टॅग लावायचा नसतो.

पुण्यात

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये आली, एमआयडीसी १९६२ मध्ये स्थापन झाली, टेल्को आणि बजाज यांच्याभोवती भोसरी-चिंचवडचे वर्कशॉप उभे राहिले, चाकणला २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज आल्या. या घडणीमुळे इथली अडचण वेगळी आहे. एकच भाग चाकणला मशिनिंग, भोसरीला हीट ट्रीटमेंट, तिसरीकडे प्लेटिंग असा टेम्पोने फिरतो, म्हणजे बराचसा वेळ तो कोणाच्याच शेडमध्ये नसतो. शेडमधलं ट्रॅकिंग गेटपाशी संपतं आणि पुढे जॉब वर्कचं चलान, टेम्पोचा जीपीएस आणि 'निघाला का रे?' असा फोन. त्यामुळे छोट्या युनिटला सेंटिमीटरची प्रणाली घेण्यापेक्षा गेटवर चोक पॉइंट आणि क्रेटला टॅग एवढंच परवडतं आणि पुरतंही. अवजड उद्योग मंत्रालयाच्या समर्थ उद्योग योजनेतलं सी४आय४ हे केंद्र पुण्यातच आहे, इंडस्ट्री ४.० चं प्रशिक्षण आणि प्रात्यक्षिकं तिथे होतात.

माणसांना टॅग लावायचा विषय नाजूक. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरला, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात रोजगाराच्या काही कारणांसाठी संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा ठेवली आहे. पण युनियन असलेल्या कारखान्यात कायद्याच्या आधी कँटीनमध्ये चर्चा होते, आणि टॅग टूलला आहे, तुला नाही, हे पटवून द्यावं लागतं.

बसवायचं काम या पट्ट्यात बहुधा गुरुवारी निघतं, कारण बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी तेव्हा असते. अँकरच्या जागा टोटल स्टेशनने (सर्व्हेच्या मोजणी यंत्राने) मोजून घेतात, एक अँकर २० सेमी चुकीचा नोंदला तर त्याच्या आसपासच्या सगळ्या जागा चुकतात आणि चूक कुठून येतेय हे लवकर सापडत नाही. मोजणी रिकाम्या शेडमध्ये झाली आणि शुक्रवारी रॅक भरले, क्रेन चालू झाली की नकाशा बदलतो, म्हणून चालू शिफ्टमध्ये टॅग हातात घेऊन पुन्हा एक फेरी मारावी लागते, आणि नवीन रॅक आला की परत.