मणका दबला: ऑस्टिओपोरोसिस की मायलोमा?

‘डेक्सात ऑस्टिओपोरोसिस आलं, म्हणजे मणका दबायचं कारण सापडलं.’ डेक्सा म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी. हे वाक्य आता ऐकवत नाही.

ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं विरळ होणं, सगळ्यांना ठाऊक आहे: वय, पाळी गेल्यानंतरची झीज, पट्टा, गोळ्या. ते सोडून देऊ. मल्टिपल मायलोमा हा बोन मॅरोतल्या प्लाझ्मा पेशींचा, म्हणजे अँटिबॉडी (ग्लोब्युलिन जातीची प्रथिनं) बनवणाऱ्या पेशींचा, कॅन्सर. या पेशी हाड खाणाऱ्या पेशींना चेतवतात आणि हाड बांधणाऱ्यांना दाबून टाकतात. त्यामुळे हाड जागोजागी पोखरतं, कधी सरसकट विरळ होतं.

गफलत होते ती इथे. डेक्सा घनता मोजतं. ती का घटली हे त्याला कळत नाही. टी-स्कोर (तरुण हाडाशी तुलना करून काढलेला घनतेचा आकडा) उणे ३ मायलोमातही येतो. एक्स-रेत मणका दोन्हींत तसाच पाचरीसारखा दबलेला, कारण पोखरलेली जागा दिसायला तिथलं निदान ३० टक्के हाड आधी जावं लागतं. बोन स्कॅन नॉर्मल आला तरी निर्धास्त होऊ नका: नवं हाड तयार होत असेल तिथे तो उजळतो, आणि मायलोमात ते कामच थंडावलेलं असतं. अल्कलाइन फॉस्फेटेज (हाड बांधणाऱ्या पेशींकडूनही रक्तात येणारं एन्झाइम) हेही बहुधा त्याच कारणानं नॉर्मल. ‘रात्री दुखत नाही, म्हणजे कॅन्सर नाही’ हेही विसरा. मायलोमाचं दुखणं सहसा हालचालीनं वाढतं, साध्या फ्रॅक्चरसारखंच.

फरक रक्तात असतो, आणि पुष्कळदा आधीच काढलेल्या रिपोर्टात. एलएफटीत, म्हणजे लिव्हरच्या तपासणीत, एसजीपीटी हा लिव्हरचा आकडा नॉर्मल दिसला की कागद फायलीत जातो. जरा खाली बघा. समजा, टोटल प्रोटीन ९.८, अल्ब्युमिन ३.२. म्हणजे ग्लोब्युलिन ६.६, ए/जी (अल्ब्युमिन-ग्लोब्युलिन) रेशो उलटा. त्यात हिमोग्लोबिन घटून ८.९, किडनीचं क्रिएटिनिन चढून १.९, ईएसआर (सूज-संसर्गात चढणारा आकडा) शंभरीपार. नुसत्या ऑस्टिओपोरोसिसनं यातलं एकही होत नाही.

ईएसआर मणक्याच्या टीबीतही चढतो आणि ग्लोब्युलिन जुनाट संसर्गातही, म्हणून पुढची तपासणी सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, रक्तातली प्रथिनं वेगळी करून दाखवणारी. त्यात एम-बँड, म्हणजे एकाच जातीच्या अँटिबॉडीचा पट्टा, शोधायचा. पण तेवढ्यावर थांबू नका. काही मायलोमांत फक्त लाइट चेन (अँटिबॉडीचे छोटे तुकडे) तयार होतात. तिथे ग्लोब्युलिन नॉर्मल, कधी कमीच. लघवीची पट्टी अल्ब्युमिन पकडते, लाइट चेन तिच्या हातून निसटतात. रक्तातल्या फ्री लाइट चेन सोबतच मागवा.

कॅल्शियमच्या गोळ्या लिहिण्याआधी रक्तातलं कॅल्शियम बघावं, हा माझा हट्ट. मायलोमात ते आधीच चढलेलं असू शकतं. महिनाभर डायक्लोफेनॅक हे किडनीवर ताण आणणारं वेदनाशामक देणं तर त्याहून वाईट, कारण लाइट चेननी किडन्या आधीच बेजार केलेल्या असू शकतात. आणि दबलेल्या मणक्याला आधार द्यायला त्यात सुईनं सिमेंट भरायचं ठरलंच असेल, तर सिमेंट सोडण्याआधी त्याच सुईवाटे हाडाचा तुकडा काढून बायोप्सीला पाठवा. सुई आत गेलेलीच असते. तुकडा न घेण्याला मला तरी सबब सुचत नाही.