मानेच्या मणक्यांच्या फ्युजनचं कॉम्प्युटर मॉडेलिंग

मानेतले दोन मणके ऑपरेशनने कायमचे जोडले की बाकीच्या मानेवर किती ताण येतो, हे कॉम्प्युटरवर काढायची ही पद्धत. मानेत एकूण सात मणके, त्यातले पाचवा-सहावा किंवा सहावा-सातवा जास्त करून जोडावे लागतात. दोन मणक्यांमधली खराब गादी (डिस्क) गळ्याच्या बाजूने काढतात, तिथे केज (आधार देणारा पोकळ ठोकळा) किंवा हाड बसवतात आणि बऱ्याचदा वरून टायटॅनियमची प्लेट स्क्रूने लावतात.

हिशोब फायनाईट एलिमेंटने होतो, म्हणजे वस्तूचे बारीक तुकडे करून प्रत्येकावरचा ताण काढतात, आणि ही पद्धत मूळची विमानवाल्यांची, 1950 च्या दशकात पंखांचा कडकपणा मोजता मोजता घडलेली. त्यामुळे नाशिकजवळच्या ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यातल्या किंवा नाशिकच्या सातपूर-अंबड एमआयडीसीत गाडीचे पार्ट डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरला मेश (तुकड्यांची जाळी), लोड (लावलेला जोर), बाउंड्री कंडिशन (कुठे घट्ट धरलंय ते) हे काही नवीन नाही, इथे पार्टच्या जागी सीटी स्कॅनवरून काढलेला मणका असतो एवढंच. त्याचे बारीक तुकडे करून प्रत्येकाला कडकपणा देतात, हाडाच्या बाहेरच्या कवचाला साधारण 12,000 मेगापास्कल (कडकपणा मोजायचं एकक), टायटॅनियमला 1,10,000 च्या आसपास, पीक (PEEK) नावाच्या प्लास्टिकच्या केजला 3,500 ते 4,000.

आता लोड कसा लावला यावर उत्तरच बदलतं, आणि वाचणारे नेमकं हेच बघत नाहीत. आधी आणि नंतर मान वळवायला सारखाच जोर लावला, समजा 1 न्यूटन-मीटर, तर जोडलेली मान एकूण कमी वळते आणि शेजारच्या मणक्यांना फारसा फरक पडलेला दिसत नाही. पण दिंडोरीच्या द्राक्षबागेत थिनिंग (घडातले जास्तीचे मणी काढायचं काम) करणारी बाई ऑपरेशननंतर कामावर आली की घड मांडवाला तिथेच असतात, मान तेवढीच वर करावी लागणार. म्हणून अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे मनोहर पंजाबी यांनी 2007 मध्ये हायब्रिड पद्धत मांडली: आधी न जोडलेली मान किती वळते ते बघायचं, मग जोडलेली मान तेवढीच वळेपर्यंत जोर वाढवायचा. यात शेजारच्या गाद्यांवरचा दाब वाढलेला लगेच दिसतो. शेजारच्या मणक्याचा प्रश्न असेल तर माझ्या मते हीच पद्धत धरावी.

तरी बऱ्याच मॉडेलमध्ये स्नायू नसतात, मान एकाच माणसाची असते, आणि वय वाढत नाही. शेजारची गादी फ्युजनमुळे झिजली, की ती तशीही झिजणारच होती, हे मॉडेल सांगू शकत नाही, त्यासाठी पेशंटचा वर्षानुवर्षं फॉलोअपच लागतो.